घसरणारा क्लच

जुनी मोटरसायकल विकत घेतांना सामान्य गृहस्थ ज्या गोष्टी पाहतो त्या बहुतेक डोळ्यांना दिसणाऱ्या असतात. टांकीवरचा रंग, टायरांची झीज, मागल्या नळीतून निघणारा धूर, मीटरवरचा आंकडा आणि कागदपत्रें. क्लच या यादींत नसतो, कारण तो दिसतच नाहीं. इंजिनाच्या उजव्या अंगाला, एका झांकणाआड, तेलानें माखून तो आपलें काम करीत असतो. गाडी घरीं येते आणि पहिले आठ-पंधरा दिवस शहरांतल्या सपाट रस्त्यांवर नीट चालते. मग एकाद्या रविवारीं पत्नीला मागें बसवून गृहस्थ पुण्याहून कात्रजचा घाट चढूं लागतो आणि अर्ध्या चढावर विचित्र प्रकार घडतो. मूठ पिळावी तसतसा इंजिनाचा आवाज चढत जातो, पण गाडी कांहीं वेग घेत नाहीं; उलट मंदावते. मागें मालट्रक भोंगा वाजवीत असतो आणि पायाशीं करपल्यासारखा वास येऊं लागतो.

दुसऱ्या दिवशीं कोपऱ्यावरचा मिस्त्री गाडीवर एक फेरी मारून येतो आणि सांगतो, "काका, इंजिनचं काम निघालं." इंजिनाचें काम म्हणजे सिलिंडर कोरून मोठा करणें, नवा पिस्टन, नव्या रिंगा, खर्च हजारांच्या घरांत. हें निदान कधीं कधीं खरेंही असतें. परंतु पुष्कळदां इंजिन निरोगी असून केवळ क्लच घसरत असतो आणि त्याची दुरुस्ती त्या खर्चाच्या लहानशा अंशांत होण्याजोगी असते. किंबहुना क्वचित् ती एक पैही न खर्चितां, दोन पान्यांनीं पांच मिनिटांत होते. तेव्हां क्लच म्हणजे काय, तो कां झिजतो आणि झिजला हें ओळखावें कसें, एवढें ज्ञान ज्याच्यापाशीं आहे त्याची फसवणूक सहसा होत नाहीं.

क्लचची गरज पेट्रोलच्या इंजिनाच्या एका दोषांतून उत्पन्न झाली आहे. वाफेचें इंजिन शून्य वेगापासून जोर लावूं शकतें. पेट्रोलचें इंजिन तसें करूं शकत नाहीं. तें मिनिटास निदान हजार-बाराशें फेरे घेत असेल तरच जिवंत राहतें. उलट गाडीला तर चौकाचौकांत थांबावें लागतें. १८९४ सालीं म्यूनिक येथें हिल्डेब्रांट आणि वोल्फम्यूलर यांनीं जी मोटरसायकल विक्रीस काढली, तिच्यांत इंजिनाचे दांडे आगगाडीच्या इंजिनाप्रमाणें सरळ मागल्या चाकालाच जोडलेले होते. गाडी थांबली कीं इंजिन थांबे, आणि पुन्हां निघावयाचें तर स्वारानें ती ढकलीत धांवावें! फिरतें इंजिन आणि उभें चाक यांची गांठ हळुवारपणें घालून देणारा कोणी मध्यस्थ हवा होता. क्लच हा तो मध्यस्थ होय.

आज जुन्या बाजारांत ज्या लहान मोटरसायकली दिसतात त्यांतल्या पुष्कळ शंभर ते सव्वाशें सीसीच्या, चार-स्ट्रोक जातीच्या आहेत. १९८५ सालीं आलेली हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ सालीं आलेली स्प्लेंडर या त्यांतल्या सर्वांच्या परिचयाच्या. अशा गाड्यांतील क्लचची मुख्य कल्पना समजण्यास एक घरगुती प्रयोग पुरे. दोन वह्या घ्याव्या आणि एकीचें एक पान, दुसरीचें एक पान अशीं थोडींच पानें एकमेकांत गुंफावीं. मग वरून हात दाबून वह्या ओढून पाहाव्या. त्या सुटत नाहींत. हात उचलावा, कीं थोड्याशा प्रयत्नानें निसटतात. क्लचमध्यें पानांच्या जागीं पातळ गोल चकत्या असतात. एका जातीच्या चकत्यांवर बूच, रबर किंवा कागदाच्या लगद्यासारख्या द्रव्यांचें अस्तर असतें. त्यांच्या बाहेरच्या कडेला दांते असून ते एका भांड्याच्या खांचांत बसतात. हें भांडें इंजिनाबरोबर फिरतें. दुसऱ्या जातीच्या चकत्या साध्या पोलादाच्या. त्यांचे दांते आंतल्या बाजूला, मधल्या गाभ्याच्या खांचांत बसतात, आणि हा गाभा गिअरांच्या दांड्यावर घट्ट असतो. एक अस्तराची, एक पोलादाची, अशी ही चळत असते. मिस्त्री लोक दोहोंनाही प्लेटाच म्हणतात. चार स्प्रिंगा ही चळत सदैव दाबून ठेवतात, म्हणून सर्व मिळून एक होऊन फिरतात. डाव्या हातानें लिव्हर ओढली कीं केबलीवाटे तो दाब दूर होतो आणि चकत्या एकमेकींवरून मोकळ्या फिरूं लागतात.

एकाच मोठ्या चकतीनें भागत असतां इतक्या चकत्यांचा खटाटोप कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. थोडा हिशेब करून पाहावा. शंभर सीसीच्या इंजिनाचा पीळ सुमारें ०.८ किलोग्रॅम-मीटर असतो. इंजिनापासून क्लचपर्यंत येतांना दांतेरी चाकांनीं वेग चौपटीनें उतरतो असें धरलें, तर पीळ चौपट, म्हणजे ३.२ होतो. चकतीची सरासरी त्रिज्या साडेचार सेंटिमीटर, आणि तेलांतील घर्षणाचा गुणांक ०.१२ धरावा. केवळ एकच पृष्ठभाग घांसत असता तर तो न घसरण्यासाठीं सुमारें ६०० किलोग्रॅमचा, म्हणजे सहा क्विंटलांचा दाब लागला असता. तो सोडवावयास पहिलवानच हवा. पण अस्तराच्या चार चकत्यांना मिळून आठ पृष्ठभाग होतात, आणि प्रत्येक पृष्ठभाग तोच दाब पुन्हां पुन्हां उपयोगांत आणतो. त्यामुळें ७५ किलोग्रॅमांत काम भागतें. चार स्प्रिंगांत वांटले म्हणजे प्रत्येकीवर एकोणीस आले. कारखानदार यावर थोडा जोर राखीव ठेवतो. लिव्हरीच्या तरफेमुळें हा सारा दाब शेवटीं दोन-चार बोटांनीं सहज सोडवितां येतो.

हा हिशेब केवळ कुतूहलाचा नव्हे. क्लच घसरण्याचीं जीं कारणें आहेत तीं सारीं याच हिशेबांत दडलेलीं आहेत. दाब कमी झाला, गुणांक कमी झाला, किंवा पृष्ठभाग सर्वत्र टेकेनासा झाला, तर क्लच घसरणार. चवथें कारण शोधूनही मिळणें कठीण.

प्रथम गुणांकाचें पाहूं. घर्षण हवें असतां क्लच तेलांत कां ठेवावा, हें कोडें अनेकांना पडतें. कोरडा क्लच जोरानें धरतो हें खरें. पण तो धक्क्यानें धरतो आणि लवकर तापतो. तेल हें उष्णता वाहून नेतें, धरण्यांत मऊपणा आणतें आणि झीज मंद करतें; त्याबदल्यांत घर्षण थोडें सोडावें लागतें, तें चकत्यांची संख्या वाढवून भरून काढतात. मात्र तेल कोणतें, याला येथें फार महत्त्व आहे. मोटारगाडीच्या इंजिनासाठीं जीं आधुनिक तेलें निघतात त्यांतल्या कित्येकांत पेट्रोल वांचविण्याकरितां घर्षण घटविणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. मोटारीचा क्लच कोरडा आणि निराळ्या कोठडींत असतो, म्हणून तिला त्यांची बाधा नाहीं. मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांचें तेल एकच. तेथें असें निसरडें तेल पडलें तर चांगला क्लचही घसरूं लागतो. म्हणूनच विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी वाहन-संस्थेनें मोटरसायकलींच्या तेलांसाठीं 'जासो' नांवाचें निराळें प्रमाण ठरविलें. डब्यावर 'जासो एमए' असें छापलेलें असेल तर तें तेल अशा क्लचला योग्य समजावें. 'एमबी' हें कमी घर्षणाचें असून बहुधा स्कूटरांसाठीं असतें. शेजाऱ्याच्या मोटारींतून उरलेलें महागडें तेल गाडींत ओतून हौसेनें दुखणें विकत घेणारे सज्जन अजून आढळतात.

आतां दाबाविषयीं. येथें निसर्गाची एक गंमत आहे. अस्तर जसजसें झिजतें तसतशी चळतीची उंची घटते. प्रत्येक चकती मिलिमीटरच्या तीन दशांशांनीं झिजली, तर चार मिळून १.२ मिलिमीटर. तितक्या स्प्रिंगा लांबतात आणि लांबलेल्या स्प्रिंगेचा जोर घटतो. पण त्याहून आधीं दुसरी गोष्ट घडते. चळत आखडल्यानें दाब सोडविणारा भाग केबलीच्या दिशेनें सरकत येतो आणि लिव्हरीची ढील नाहींशी होते. ढील म्हणजे लिव्हर ओढतांना प्रथम जी रिकामी हालते ती; लिव्हरीच्या टोंकाशीं ती १० ते २० मिलिमीटर असावी. ढील मुळींच नसेल तर केबल सदैव ताणलेली, म्हणजे क्लच सदैव थोडासा ओढलेलाच. स्वाराचा हात लिव्हरीवर नसतांनाही कोणीतरी अदृश्य हात ती दाबून धरतो म्हणाना! मग चकत्या घसरतात, घसरल्यानें झिजतात, झिजल्यानें केबल आणखी ताणते. अशी ही सांखळी एकदां सुरू झाली कीं महिन्यांचें आयुष्य दिवसांत संपतें. उलट ती वेळींच ओळखली तर केबलीच्या टोंकाचा नट चार फेरे फिरविणें एवढीच काय ती दुरुस्ती. म्हणून क्लच गेला असें कोणीही म्हणो, झांकण उघडण्यापूर्वीं ढील पाहावी. ती नसेल तर ती देऊन गाडी पुन्हां चढावर न्यावी आणि मगच पुढचें बोलावें.

घसरण्याचें नुकसान कशानें होतें तें येथेंच सांगणें बरें. इंजिन चार किलोवॉट शक्ति देत आहे आणि क्लच चौथाईनें घसरत आहे, असें समजा. म्हणजे एक किलोवॉट शक्ति चाकापर्यंत न पोंचतां चकत्यांच्या फटींतच उष्णता होऊन राहते. घरांत कपड्यांना फिरवितात ती विजेची इस्त्री साधारण तेवढ्याच शक्तीची असते. तापलेली इस्त्री तळहाताएवढ्या चकत्यांच्या चळतींत खुपसून ठेवावी, तसा हा प्रकार. पोलादी चकत्या प्रथम पिंवळसर, मग निळ्या पडतात आणि वांकतात. अस्तर करपून कांचेसारखें गुळगुळीत होतें. करपलेल्या अस्तराची भुकटी तेलांत मिसळते आणि तेंच तेल इंजिनाच्या नाजूक भागांतून फिरतें. घसरणारा क्लच तसाच दामटीत राहिल्यास अखेर तो मिस्त्री खरा ठरावयाचा, हें विसरतां कामा नये.

हा सारा ऱ्हास बहुधा आधींच्या मालकाच्या हाताचा असतो. गर्दींत गाडी मुंगीच्या पावलांनीं न्यावयाची असतां गिअर न बदलतां लिव्हर अर्धी ओढून ठेवण्याची संवय पुष्कळांना असते. चढावर थांबलेले असतांना ब्रेक न लावतां क्लचवरच गाडी तोलून धरणारेही असतात, आणि यांत त्यांना आपलें कौशल्य दिसतें! कोणी दोन बोटें लिव्हरीवर नेहमींच विसांवा म्हणून ठेवतो. दुधाच्या कॅन लादून दारोदार थांबणारी गाडी आणि रोज एकदां कचेरींत जाऊन परत येणारी गाडी, यांच्या मीटरवरचा आंकडा एकच असला तरी क्लचचें वय एक नसतें. गाडी घेतांना मीटर पाहण्यापेक्षां तिचा धंदा विचारावा.

निदानाची रीत सोपी आहे. इंजिन अशक्त झालें असेल तर मूठ पिळल्यावर इंजिनाचा आवाजही चढत नाहीं आणि वेगही वाढत नाहीं. दोन्ही एकदमच मरगळतात. क्लच घसरत असेल तर आवाज चढतो आणि वेग चढत नाहीं. हा एक भेद ध्यानांत ठेवला तरी पुष्कळ झालें. त्याची परीक्षा सपाट, मोकळ्या रस्त्यावर होते. इंजिन चांगलें तापूं द्यावें, वरच्या गिअरमध्यें ताशीं तीस-पस्तीस किलोमीटरांवर गाडी आणावी आणि मूठ एकदम पुरी पिळावी. निरोगी क्लच असेल तर गाडी कुरकुरत पण हळूहळू वेग घेते. रोगी असेल तर आवाज क्षणांत उसळतो आणि गाडी मागें राहते. ही परीक्षा थंड इंजिनावर घेऊं नये, कारण थंड असतां कित्येक क्लच बरे धरतात. विकणारा मनुष्य गाडी पांच मिनिटांवर पळवूं देत नाहीं याचें कारण नेहमींच वेळेची टंचाई हें नसतें. दुसरी परीक्षा उभ्या गाडीवर, स्वतः गाडीवर बसून घेतात. समोर मोकळी जागा ठेवून पुढचा व मागचा ब्रेक घट्ट दाबावा, वरचा गिअर टाकावा आणि किंचित् मूठ देऊन लिव्हर सोडावी. इंजिन लगेच बंद पडलें पाहिजे. तें फिरतच राहिलें तर क्लच घसरतो हें सिद्ध झालें. ही परीक्षा एकदांच, क्षणभर घ्यावी; पुन्हां पुन्हां घेतल्यास परीक्षेनेंच रोग वाढतो. ज्या गाड्यांत किकचा जोर क्लचमधून इंजिनास जातो, तेथें किक मारतांना ती मधेंच पोकळ जाते, ही तिसरी खूण.

याच्या उलट दुसरा रोग आहे, त्याची गल्लत करूं नये. लिव्हर पुरी ओढूनही क्लच सुटत नाहीं. गिअर कडाडून पडतात, उभी गाडी पुढें ओढ घेते आणि न्यूट्रल सांपडत नाहीं. याला झिजलेलें अस्तर कारण नसतें. ढील फार झालेली असते, केबलीचे धागे तुटत आलेले असतात, पोलादी चकत्या वांकलेल्या असतात, किंवा भांड्याच्या खांचांना चकत्यांच्या दांत्यांनीं घरें पाडलेलीं असतात. एकाच क्लचमध्यें हे दोन्ही रोग एकत्र दिसले तर तो उघडलाच पाहिजे असें समजावें.

ढील बरोबर आहे, तेल योग्य आहे, आणि तरी क्लच घसरतो, असें ठरल्यावर झांकण काढावें. काम अर्ध्या दिवसाचें. गाडी मधल्या स्टँडवर समतल उभी करून जुनें तेल सोडून द्यावें. किकचा दांडा काढावा, केबल सोडवावी, पायटा आड येत असल्यास तोही उतरवावा. झांकणाचे बोल्ट सारे सारख्या लांबीचे नसतात. एका पुठ्ठ्यावर झांकणाची आकृति काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागीं भोंक पाडून खोंचून ठेवणें ही जुन्या कारागिरांची युक्ति उत्तम आहे. आंत चार बोल्टांनीं धरलेल्या स्प्रिंगा दिसतात. एक बोल्ट पुरा काढून मग दुसरा, असें करूं नये. समोरासमोरचे आळीपाळीनें थोडे थोडे सैल करावे, नाहींतर दाब एकाच अंगावर येऊन ॲल्युमिनियमचा खुंट मोडतो. कांहीं गाड्यांत एवढ्यानें चकत्या हातीं येतात. कांहींत मधला गाभाच काढावा लागतो, आणि तो खांचेंतल्या कडीनें किंवा विशेष आकाराच्या नटानें बसविलेला असतो. त्या नटासाठीं त्याचाच पाना हवा. छिन्नी-हातोडीनें नट फिरविणारा मिस्त्री दिसला तर गाडी तेथून उचलावी. चकत्या ज्या क्रमानें निघतील त्याच क्रमानें तारेंत ओंवून ठेवाव्या.

येथून पुढचें काम मोजण्याचें आहे, आणि दुरुस्तींतला खरा शहाणपणा येथेंच दिसतो. बहुतेक ठिकाणीं मोजमाप न करतांच "सगळा सेट टाकूं" असें सांगतात; किंवा याच्या उलट, केवळ अस्तराच्या चकत्या बदलून बाकीचें तसेंच ठेवतात. दोन्ही आंधळेपणाचे मार्ग. अस्तराच्या चकतीची जाडी व्हर्निअरनें तीन-चार ठिकाणीं पाहावी. नवीन चकती सुमारें तीन मिलिमीटरची असते. कारखान्याच्या पुस्तिकेंत त्या गाडीची नेमकी मर्यादा दिलेली असते, आणि तिच्या खालीं एक जरी चकती गेली तरी चारही बदलाव्या. जाडी पुरेशी आहे पण अंग काळें, चकचकीत झालें आहे, तर तीही बादच. अशा चकतीवर कांचकागद घांसून ती परत बसविण्याची चाल आहे. तिनें महिना-दोन महिने बरे जातात, एवढेंच.

पोलादी चकती जाड कांचेवर पालथी ठेवावी आणि तिच्या कडेखालीं मापाची पातळ पट्टी सरकवून पाहावी. ०.२ मिलिमीटरची पट्टी आंत शिरली तर चकती वांकली असें लहान गाड्यांच्या बाबतींत साधारणपणें मानतात. निळी पडलेली पण सपाट असलेली चकती चालूं शकते. वांकलेली पांढरीशुभ्र चकती चालणार नाहीं. स्प्रिंगा टेबलावर शेजारीं शेजारीं उभ्या कराव्या. एक जरी खुजी दिसली तर चारही नव्या घ्याव्या, कारण असमान स्प्रिंगांनीं चळत तिरपी दाबली जाते आणि नव्या अस्तराचा एकच कोपरा झिजूं लागतो. स्प्रिंगेखालीं वायसर घालून तिचा जोर वाढविण्याची एक युक्ति प्रचारांत आहे. तिनें लिव्हर जड होते, केबल लवकर तुटते, स्प्रिंगेचे वेढे एकमेकांस टेकल्यास क्लच पुरा सुटत नाहीं, आणि झिजलेलें अस्तर झिजलेलेंच राहतें. ही युक्ति गाडी विकण्याच्या आदल्या दिवशींच बहुधा कामास येते.

शेवटीं भांड्याच्या आणि गाभ्याच्या खांचांवरून बोटाचें नख फिरवावें. नख अडकेल अशा खोल खुणा असतील तर चकत्या मागें-पुढें सरकतांना तेथें अडतात. खुणा उथळ असल्यास बारीक कानशीनें कडा साफ करतां येतात. सर्व कडा सारख्याच घांसल्या पाहिजेत आणि लोखंडाचा कण आंत राहतां कामा नये. खोल असतील तर भांडें बदलावें, मग तें कितीही महाग वाटो. नव्या चकत्या जुन्या खड्ड्यांत टाकणें हें भोंक पडलेल्या घागरींत नवें पाणी भरण्यापैकींच आहे.

साफसफाईसाठीं रॉकेल वापरावें, पेट्रोल नव्हे. बंद खोलींत पेट्रोलची वाफ साठून एका ठिणगीसरशी भडका उडतो. फार जुन्या गाड्यांच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुप्फुसांस अत्यंत घातक आहे. म्हणून जुन्या चकत्या कोरड्या घांसूं नयेत, हवेच्या नळीनें फुंकूं नयेत, आणि मुलांना जवळ बसवूं नये. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे लांकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनें खरवडावे. चाकूनें पडलेल्या एका ओरखड्यांतून वर्षभर तेल पाझरतें. झांकण उघडेंच आहे तर तेलाची जाळी आणि, गाडींत असेल तर, दांड्यावर फिरणारी गाळणीही पुसून घ्यावी. करपलेल्या अस्तराचा काळा चिखल तेथेंच बसलेला सांपडतो.

नव्या चकत्या बसविण्यापूर्वीं कांहीं तास, शक्य तर रात्रभर, गाडींत घालावयाच्या तेलांत भिजत ठेवाव्या. कोरड्या चकत्या बसविल्यास पहिल्याच मैलांत त्यांचें अंग करपतें आणि सारा खर्च वाया जातो. जोडतांना काढण्याचा क्रम उलटा. भांड्याच्या, गाभ्याच्या व दाबपट्टीच्या खांचा किंवा खुणा एकमेकींशीं जुळवून घ्याव्या. न जुळल्यास बोल्ट आंवळूनही चळत दाबली जात नाहीं, आणि मग नवा क्लच पहिल्या दिवसापासून घसरतो. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनें आंवळावे. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला १ ते १.२ किलोग्रॅम-मीटर एवढाच पीळ पुरे. दंडाची शक्ति दाखविण्याची ही जागा नव्हे. नवें गॅस्केट, पुस्तिकेंत दिलेल्या प्रमाणांत नवें तेल, आणि सर्वांत शेवटीं केबलीची ढील.

सुटे भाग कोणाचे घ्यावे, हा प्रश्न प्रत्येक घरीं निघतो. नकली चकत्यांची वेष्टणें अस्सलापेक्षांही सुबक असतात. दुकानांत व्हर्निअर नेऊन चारही चकत्यांची जाडी सारखी आहे कीं नाहीं एवढें जरी पाहिलें तरी पुष्कळ उलगडा होतो. बारीक फरकानें कमी-जास्त असलेल्या चकत्या कोणत्याही नांवाच्या असोत, त्या परत कराव्या. अस्सल आणि नकली यांच्या किमतींतला फरक मजुरीच्या मानानें किरकोळ असतो, आणि मजुरी तर दोन्ही वेळां सारखीच द्यावी लागते.

पहिले दोनतीनशें किलोमीटर गाडी मऊ हातानें चालवावी. चढावर दोघांना घेऊन जाणें टाळावें, आणि अर्ध्या लिव्हरीवर गाडी मुळींच तोलूं नये. या मुदतींत नवीं अस्तरें पोलादाच्या अंगाशीं जुळून बसतात आणि चळत केंसभर आखडते, त्यामुळें ढील पुन्हां कमी होते. म्हणून मुदत संपतांच, इंजिन थंड असतां, लिव्हरीचें टोंक मोजपट्टीशीं धरून ती एकवार पाहावी आणि लागेल तसा नट फिरवून घ्यावा. मगच कात्रजकडे निघावें.